फाटकाजवळची कबर

शांतवन उजागऱ्यांनी जिवंतपणीच आपली कबर बांधून घेतली, तेव्हा नाशिक रोडच्या ख्रिस्ती मंडळीत कुणालाच नवल वाटलं नाही. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाल्यापासून ते प्लॉटची दलाली करत. जेल रोडला दोन फ्लॅट झाले, सिन्नर फाट्याला गाळा झाला, मग दफनभूमीत कडुलिंबाच्या सावलीतली कोपऱ्याची जागा. नवराबायको दोघांच्या नावावर घेतलेली; पण काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं एकट्या शांतवनांची.

"फाटकाजवळच कशाला?" बायकोनं, अंजलीनं विचारलं होतं.

"प्रभू येणार तो फाटकातूनच ना!"

अंजलीनं कपाळावर हात मारला. हा माणूस दर रविवारी पहिल्या बाकावर बसे. कोठारं मोडून मोठी बांधणाऱ्या आणि त्याच रात्री मरणाऱ्या धनवानाचा बायबलातला दाखला निघाला की सगळ्यांत जास्त मान यांचीच डोले. घरी आल्यावर ताटावर बसून बोलणं मात्र गंगापूर रोडच्या जमिनींच्या भावांचं. दानाच्या पिशवीत नोट टाकायची तीसुद्धा उलगडून, शेजाऱ्याला दिसेल अशी.

ऐन श्रावणात चर्च झाडणारी साळूबाई वारली. तिला मागेपुढे कुणी नव्हतं. दफनभूमीत मागच्या बाजूला पाणी तुंबलेलं. खड्डा खणावा तो भरून यावा. कोरडी उरली ती फाटकाजवळची शांतवनांची जागाच; आणि ते पुण्याला लेकीकडे गेले होते. पाळकसाहेबांनी त्यांना फोन लावला.

"माझी जागा झाडूवालीला?" शांतवन फोनवरच कडाडले. "शवागारात ठेवा की. पाणी ओसरेल तेव्हा ओसरेल."

पाळकसाहेब मान खाली घालून अंजलीच्या दारात आले. ती टायफॉइडनं अंथरुणाला खिळली होती तेव्हा हीच साळूबाई रोज पेज घेऊन यायची. शांतवन त्या वेळी एका सौद्याच्या मागे होते.

"जागेवर माझंही नाव आहे ना?" ती म्हणाली. "मग खणा."

चौघांनी ग्रॅनाइटची फरशी बाजूला सारली. पहिली माती अंजलीनं दिली.

शांतवन परतले ते थेट दफनभूमीतच. ताजी माती, वर झेंडूची फुलं, शेजारी अंजली आणि पाळकसाहेब. तोंडाला फेस येईस्तोवर ओरडले.

"कुणाला विचारून केलंत हे?"

"मला," अंजली म्हणाली. "उकरून काढायचीय? कुदळ आणून देऊ?"

पाळकसाहेबांना मोठा खोकला आला. शांतवन तणतणत निघून गेले.

दोन रविवार ते चर्चकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या रविवारी पांढऱ्याशुभ्र शर्टात आले आणि उपासना सुटल्यावर दारातच उभे राहिले.

"सलाम, सलाम! आपण काय, निमित्तमात्र," ते हात जोडून ज्याला त्याला सांगत होते. "गोरगरिबाच्या कामी आली जागा. देणारा प्रभू."

"मोठं मन हो तुमचं, उजागरेसाहेब," कुणीतरी म्हणालं.

अंजली पायऱ्या उतरत होती. ती थांबली.

"जागा मी दिली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "हे तर तिला शवागारात ठेवा म्हणत होते."

मग पदर सावरून ती रिक्षा स्टँडकडे चालू लागली. नवऱ्यासाठी काही थांबली नाही.