फॉर्मवर लिहिलेलं ‘नाही’

लाखांदूरची चार माणसं समुद्राकडे निघाली की किस्से आपोआप जमतात. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा मध्येच तोंड घालतो!

लग्नाला दोन महिने झाले होते. सासूबाई, मामाजी म्हणजे माझे सासरे, हे आणि मी, असे मालवणला गेलो. सगळे समुद्र बघत होते. मी ह्यांचा श्वास मोजत होते. ह्यांना दमा आहे, हे घरात फक्त मला माहीत! पंप शेव्हिंगच्या डब्यात. “आईले सांगू नको,” एवढंच म्हणाले होते.

कारण लग्न ठरवताना सासूबाईंनी माझ्या बाबांना ठणकावून सांगितलं होतं, “आमच्या खानदानात कोणाले साधा खोकलाबी नाही!”

आणि तिसऱ्या दिवशी पाण्याखाली उतरायचं स्कूबा बुक.

*

पहिला दिवस पॅरासेलिंगचा. तिथल्या माणसानं मामाजींपुढे कागद धरला. “काका, सही करा. काही होत नाही.”

मामाजींनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. “काही होत नाही, तं सही कायले घेऊन राहिला बाप्पा?”

शेवटी सही केली. खाली लिहिलं, ‘भीत भीत’.

*

बनाना बोट शेवटी मुद्दाम उलटवतात, हे सासूबाईंना कोणी सांगितलंच नव्हतं! वर आल्या त्या थेट बोटवाल्याचं जॅकेट पकडूनच.

“काकी, यातच मजा असते!”

“मंग तूबी घे!” आणि त्याला पाण्यात ओढलं.

सगळे हसत होते. हे खोकत होते. मी पाठीवर हात ठेवला, तर सासूबाई म्हणाल्या, “नाकात पाणी गेलं असंन. नवी नवरी पाठच सोडत नाही!”

*

दुसऱ्या दिवशी खाडीत कयाक. आम्ही दोघंच. दहा हात मारले आणि ह्यांनी वल्हं मांडीवर ठेवलं.

“वारा उलटा आहे.”

काठावरचं पानही हलत नव्हतं.

“उद्या जाऊ नका ना,” मी म्हटलं.

“फॉर्मवर दम्यापुढे ‘नाही’ लिहून देतो. कोण तपासते?”

परतताना वल्हं मीच मारलं. काठावरून मामाजी ओरडले, “वा सूनबाई! आन् तू काय वरातीत बसला काय बे?”

*

तिसरा दिवस. बोटीत सगळे सूट घालून बसलो. समुद्र हिरवा, मी पांढरी. इन्स्ट्रक्टरनं मोठ्यानं विचारलं, “दमा, बीपी, फिट, कोणाला आहे?”

“नाही!” सगळ्यांत मोठा आवाज ह्यांचा.

त्यानं ह्यांच्या तोंडावर मास्क चढवला. दोन महिन्यांत सासूबाईंसमोर मी ‘हो’ आणि ‘वाढू का’ यापलीकडे बोलले नव्हते.

“ह्यांना दमा आहे.”

हे माझ्याकडे बघेनात.

“काय बोलून राहिली तू?” सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. “आमच्या घरी? दमा?”

“हो. ह्यांना.”

इन्स्ट्रक्टरनं ह्यांचा मास्क काढून घेतला. सगळ्यांकडे वळून पुन्हा विचारलं, “खरं सांगा. आणखी कोणाला?”

मामाजींनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं आणि हळूच हात वर केला.