दत्तूने न हरवलेलं पुस्तक

दत्तू गेल्याचं सिंधूने स्वतः जिना चढून येऊन सांगितलं. मी पोळ्या लाटत होते. दारातच उभी राहून ती म्हणाली, "बाई, हे गेलं..." आणि मग मी पडेन असं वाटून तिनेच मला खुर्ची ओढून दिली. पहाटे छातीत कळ आली, नारायणगावच्या दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं. नवरा तिचा गेला होता आणि सावरत ती मला होती. तिला तेव्हा माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, की पंधरा दिवसांनी मलाच तिच्यापुढे मान खाली घालून उभं राहायचं आहे.

ओवी, निहार, तुम्हाला दत्तूकाका आठवत असेल. तुम्ही एका मे महिन्यात जुन्नरला आलात, तेव्हा कपाटाएवढ्या व्हिडिओ गेमपुढे तुम्हाला स्टुलावर चढवून "काय पावणं, आज किती राक्षस मारलं?" असं विचारणारा. हे मी तुम्हाला नुसतं पत्रात लिहू शकले असते. पण त्याच्याविषयी मी जे बोलले ते चार लोकांत बोलले. म्हणून माझी चूकही चार लोकांना वाचता येईल अशा ठिकाणी, या वर्तमानपत्रात, लिहिते आहे.

दत्तू मूळचा खोडदचा. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, तो माझ्या वर्गात होता. इंग्रजीत दोनदा नापास झाला, पण माझ्या टेबलावरचं बंद पडलेलं घड्याळ त्याने मधल्या सुट्टीत चालू करून ठेवलं होतं. पुढे आमच्या घराखालच्या गाळ्यात त्याने रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. नव्वदीच्या मध्याला आळेफाट्याच्या एका शेठजींनी पुण्यातल्या बंद पडलेल्या क्लबातून सहा जुने व्हिडिओ गेम आणले आणि आपल्या हॉटेलशेजारच्या खोलीत मांडले. पडद्यावर चित्रं छान उमटत, पण प्रत्येक पेटीच्या स्पीकरमधून सारखं घूं... घूं... चाले. मेकॅनिक लोक त्याला हमिंग म्हणतात. सहाही एकदम चालू केल्या की पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटे. शेठजींनी एक पेटी टेम्पोतून दत्तूकडे पाठवली आणि निरोप दिला, ही गप्प झाली तर बाकीच्या पाचही दुरुस्तीला तुझ्याकडेच.

पेटी ठेवली ती नेमकी माझ्या बसायच्या खोलीखाली. आमची वरची जमीन लाकडी फळ्यांची, त्यामुळे ते घूं माझ्या तळपायांना जाणवे. मी रागावून खाली गेले, तर तो म्हणाला, "बाई, बरं झालं तुमाला येतंय ते. हितं रस्त्याचा लई गोंगाट, मला बारीक आवाज कळत न्हाई. तुमीच वरनं सांगत जा." मग ठरलं. त्याने खालून ओरडायचं, "बाई, येतंय का?" आणि मी तुमच्या आजोबांची फिरायची काठी फळीवर आपटायची. आवाज येत असेल तर दोन ठोके, गेला असेल तर एक. माझ्या शेजारणी हसायच्या, पण मला ते काम आवडायला लागलं होतं. त्याने पॉवर सप्लायमधले सुकलेले कंडेन्सर बदलले, तेव्हा वरची खरखर गेली. खालचं जाडसर घूं मात्र जाईना. ट्रान्सफॉर्मर लांब सरकवला, अर्थिंग नवं केलं... दोन ठोके. रोज दोनच ठोके. "आमच्या खोडदला त्या दुर्बिणीच्या एवढाल्या तबकड्या लावून शिकलेली माणसं आभाळातली खरखर ऐकत्यात," तो म्हणायचा, "आन् मी हितं पेटीतली घालवाय बसलोय!"

शेवटी शेठजींनी पेट्यांबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्याला दिलं. सगळं इंग्रजीत, एकुलती एक प्रत. "सांभाळ हां, दुसरं मिळायचं नाही," असं बजावून. ते घेऊन दत्तू माझ्याकडे आला. "बाई, आवाजाचं कुठं काय लिव्हलंय तेवढं मराठीत करून द्या."

मी त्याच संध्याकाळी ते केलं. दीड पान झालं. पण कच्चा मजकूर कुणाच्या हाती द्यायचा नाही, ही माझी सवय. उद्या सुवाच्य अक्षरात उतरवून देऊ म्हणून पुस्तक आणि कागद टेबलावर ठेवले. दुसऱ्या दिवशी तुमच्या आजोबांना तातडीने पुण्याला ऑपरेशनसाठी न्यावं लागलं. महिनाभराने आम्ही परतलो तेव्हा टेबल स्वच्छ होतं आणि माझ्या मनात पक्कं होतं, की निघण्याच्या गडबडीत मी एका खाकी पाकिटात घालून सगळं त्याच्या हातात दिलं. आजही डोळे मिटले की मला ते पाकीट आणि त्याचा हात दिसतो. पाकीट खरं असेल, पण त्यात विजेचं बिल असेल.

तो विचारायला आला. "बाई, एकदा कपाटात बघता का?" मी म्हटलं, "दत्तू, माझ्या घरात वस्तू हरवत नाहीत." तो जरा वेळ उंबऱ्याशी घुटमळला आणि म्हणाला, "मग माझ्याकडनंच कुठं गेलं आसंल. माफ करा." मी माफ केलं! कपाट उघडलंसुद्धा नाही.

मग शेठजी स्वतः आले, माझ्याकडे चहा घेतला. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मी दिलं हो. दत्तू शाळेपासूनच विसराळू." ते एक वाक्य पुरलं. बाई खोटं बोलणार नाहीत, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. शेठजींनी पेटी परत नेली आणि हॉटेलात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, "ज्याला एक पुस्तक सांभाळता येत नाही, तो मशीन काय सांभाळणार?" त्यानंतर आळेफाट्याकडचं एकही काम त्याच्याकडे आलं नाही. टीव्हीवाले, टेपवालेसुद्धा दुसरीकडे जाऊ लागले. विसराळू दत्तू हे त्याचं नावच पडलं. गंमत म्हणजे त्याच्या दुकानातला प्रत्येक स्क्रू काडेपेटीत जागच्या जागी असे. ते मी रोज येता-जाता पाहत होते.

पुढे कॉम्प्युटर आले, मुलं तिकडे वळली, शेठजींनी पेट्या भंगारात काढल्या. दत्तूने भंगारवाल्याकडून नेमकी तीच पेटी उचलून आणली. आता कुणी गिऱ्हाईक नव्हतं, तरी तो फावल्या वेळात तिच्यापुढे बसे. आणि मी वर दोन ठोके देत असे. पुस्तक हरवल्याला सात-आठ वर्षं झाली असतील, एका दुपारी त्याने हाक मारली, "बाई, येतंय का?" मी पाय फळीवर घट्ट टेकवले. काही नव्हतं. मी एक ठोका दिला. तो चपला न घालता धावत वर आला. "बाई, ती जाळीची वायर! स्पीकरला आवाज नेती ती, वरनं बारीक तारांची जाळी आसलेली! तिची जाळी मी दोनी टोकांना अर्थला जोडत व्हतो. जास्त अर्थ तेवढं बरं, म्हणून. एकाच टोकाला जोडायची, दुसरं मोकळं सोडायचं. बास, एवढंच!"

मी म्हटलं, "एवढ्यासाठी इतकी वर्षं लागली होय रे?"

तो हसला. "इंग्रजीच्या पेपरावाणीच झालं, बाई. दोनदा नापास."

त्याच्या तेराव्यानंतर सिंधू त्याचे कागद नीट लावून द्या म्हणायला आली. मला एक रिकामी फाइल हवी होती. तुमच्या आजोबांच्या ऑपरेशनची फाइल ते बरे झाल्यापासून कुणी उघडली नव्हती. जुने रिपोर्ट काढून टाकावेत म्हणून मी ती उघडली. निघण्याच्या दिवशी टेबलावरचं सगळं मीच त्यात कोंबलं असणार. मध्यभागी शेठजींचं पुस्तक होतं आणि त्यात घडी घातलेलं माझं दीड पान. तिसरी ओळ माझ्याच अक्षरात : "आवाजाच्या वायरची जाळी एकाच टोकाला अर्थला जोडावी, दोन्ही टोकांना जोडल्यास घूं आवाज येतो."

मी ते घेऊन खाली गाळ्यात सिंधूकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. तिने पुस्तक हातात घेतलं, पदराने पुसलं. मग म्हणाली, "त्यांना ठाव व्हतं, बाई. म्हणायचे, बाईंच्या कपाटातच हाय ते. मी म्हणायची, मग मागा की. तर म्हणायचे, बाईंनी एकदा न्हाई म्हटल्यावर पुन्हा कसं मागायचं? गवसलं की त्याच आणून देतील."

म्हणजे तो वाट पाहत होता. इतकी वर्षं, माझ्या पायांखाली बसून...

मी आळेफाट्यालाही जाऊन आले. शेठजी आता थकलेत. पुस्तक पाहून म्हणाले, "आता काय उपयोग, बाई?" उपयोग नाही हे मलाही कळतं. पण त्यांच्या हॉटेलात हे वर्तमानपत्र येतं.

पेटी अजून गाळ्यात आहे. बंद राहिली तर दमट हवेने खराब होईल म्हणून सिंधू दर रविवारी ती तासभर चालू ठेवते. मी वर खुर्चीत बसते, पाय फळीवर टेकवते. काहीही ऐकू येत नाही. खालून आता कुणी विचारत नाही, तरी मी काठी उचलते आणि एक ठोका देते.