बॉबिन गल्लीची सुईण

बॉबिन गल्लीत यायचं ते सेलिना डकवर्थच्या हातात आणि जायचं तेही तिच्याच हातून, अशी तीस-पस्तीस वर्षांची रीत होती. गल्ली उताराची. वरच्या टोकाला कापडाची गिरणी, खालच्या टोकाला कालवा आणि मधे एकमेकांना खेटून उभी असलेली विटांची चौतीस घरं. बाई अडली की सेलिनाला हाक, म्हाताऱ्याने डोळे मिटले की सेलिनालाच हाक. बाळाची पहिली अंघोळ तिच्या हातची आणि मयताची शेवटचीही. दोन्ही कामांना तिचं गाठोडं एकच: कडक इस्त्रीची पांढरी चादर, दोन टॉवेल, एक ॲप्रन. बदल्यात कोणी चार अंडी देई, कोणी नुसता चहा पाजी. तेव्हा शेजारधर्म होता, असं आता जो तो उसासे टाकून सांगतो. होता ना. पण चहाड्याही होत्या, तेवढं सांगायला सगळे सोयीस्कर विसरतात.

अशाच एका चहाडीने सेलिनाचा घात केला. सरकारी सनद नसलेल्या बाईने बाळंतिणीला हात लावायचा नाही, असा कायदा झाला होता. अगदीच नडीची वेळ असेल तर सूट होती म्हणा, पण वेळ नडीची होती हे मॅजिस्ट्रेटला पटवणार कोण? सेलिनाला काही ते जमलं नाही. पुन्हा इथे दिसलात तर थेट तुरुंगात पाठवीन, असं त्यांनी तिला भर कोर्टात बजावलं. जन्मात कुणाचा चमचा न उचललेली साठीची बाई मान खाली घालून घरी आली. चहाडी कोणी केली ते कधी कळलं नाही. तिचा संशय समोरच्या ॲडा ग्रिमशॉवर होता, कारण गल्लीत काहीही झालं की संशय ॲडावरच जायचा.

त्यानंतर आठ वर्षं सेलिनाने फक्त मयतं सांभाळली. बाळंतपणं सायकलवरून येणाऱ्या नर्स क्रॉम्प्टनकडे गेली. कुठल्या घरातून कळांचा आवाज आला की सेलिना आपली खिडकी लावून घ्यायची आणि केटलीत उगीचच पाणी ठेवायची. त्या आठ वर्षांत तिच्या पांढऱ्या गाठोड्याचा अर्थही बदलला. ते ज्या दारात शिरेल तिथे कोणीतरी गेलं असं समजायचं. मग समोरची बाई खिडकीचा पडदा ओढायची, तिचं पाहून शेजारची ओढायची आणि घटकाभरात सगळी गल्ली डोळे मिटल्यासारखी व्हायची. सेलिना दार उघडून बाहेर येईपर्यंत त्या घराची कडी कोणी वाजवायची नाही. मेलेल्या माणसाचा तेवढा मान होता.

महायुद्धाच्या आदल्या वर्षीचा नोव्हेंबर. गिरणीचा धूर आणि कालव्यावरचं धुकं यांची पिवळट खिचडी गल्लीत दोन दिवस साचून होती. सकाळी दहाला सेलिना बटाटे सोलत बसली होती, तेवढ्यात चुलीमागच्या भिंतीवर ठोके पडले. पलीकडच्या चुलीतून कोणीतरी लोखंडी सळईने ठोकत होतं. शेजाऱ्याला बोलवायची ती गल्लीची जुनी खूण. पलीकडे विनी केर्शॉ राहायची, बावीस वर्षांची, पहिलटकरीण. पाय सुजले म्हणून महिनाभर घरी बसवलेली, दिवस भरायला अजून तीन आठवडे. नवरा क्लिफर्ड गिरणीत माग दुरुस्त करायचा, तो बाराचा भोंगा झाल्यावर जेवायला येणार.

सेलिनाने गाठोडं उचललं आणि शेजारच्या दारात शिरली. दोन दारांत चार पावलांचं अंतर, पण गल्ली एवढी अरुंद की धुक्यातही ॲडाला समोरून दिसायचं ते दिसलं.

विनी कशीबशी जिना चढून माडीवरच्या पलंगावर चादर मुठीत धरून पडली होती. "मावशी, नर्सबाई नको, तूच थांब," ती म्हणाली. सेलिना म्हणाली, नर्सबाईच हवी. मागच्या बोळातून कोळसेवाल्याची गाडी चालली होती. तिने मागच्या खिडकीतून त्याला हाक मारून नर्सला निरोप दिला. या धुक्यात सायकल हातात धरून चालत यायला दोन तास तरी जाणार होते. तोवर फक्त शेजारी बसायचं, हात धरायचा, बाकी कशाला शिवायचं नाही, असं सेलिनाने मनाशी ठरवलं. पण अर्ध्या तासात बाळाचं डोकं दिसायला लागलं. बाळ काही सनद बघून थांबत नाही. तिने बाह्या सरसावल्या.

साडेअकराला मुलगी झाली. मांजरीच्या पिलाएवढी आणि आवाजही तेवढाच. धुकं आत येऊ नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या, त्यामुळे तो बाहेर कोणाला ऐकू गेला नाही. सेलिनाने नाळ बांधली, कापली, पोरीला टॉवेलात गुंडाळून विनीच्या छातीशी लावलं. थोड्या वेळाने वार, नाळेमागचा मांसल गोळा, पडली. ती सेलिनाने बशीत घेऊन उजेडात पाहिली. एका कडेचा तुकडा नव्हता. अंगठ्याएवढा तुकडा आतच राहिला होता.

आणि रक्त थांबेना. सेलिनाने विनीच्या पोटावर मूठ दाबली आणि चोळायला सुरुवात केली. चोळलं की पोट घट्ट व्हायचं, धार कमी व्हायची. हात सैल पडला की पुन्हा सुरू. म्हणजे आता नर्स येईपर्यंत हात काढायचा नाही. पलंग खिडकीला लागूनच होता. दम घ्यायला तिने मान वर केली, तर समोर ॲडाच्या खिडकीला पडदा. तिच्या शेजारी पडदा. दिसतील तेवढ्या सगळ्या खिडक्यांना पडदे.

विनीला मेली समजून गल्ली मोकळी झाली होती.

बाराला भोंगा होणार आणि क्लिफर्ड या गल्लीतून येणार. धुक्यात त्याला दुसरं काही दिसायचं नाही, पण भिंतीला धरून चालताना प्रत्येक खिडकी त्याच्या खांद्याशी येणार आणि घरात दिवस भरत आलेली बायको असलेल्या माणसाला त्या पडद्यांचा एकच अर्थ लागणार. ओरडून सांगावं, तर ज्याने एकदा चहाडी केली तो अजून याच गल्लीत राहत होता. पोर झाली हे कळलं की पोर कोणाच्या हातावर झाली हेही कळणार. गप्प राहावं, तर क्लिफर्डच्या काळजाचं काय? इकडे आड तिकडे विहीर. तिने स्वतःची समजूत घातली, तो दारापर्यंत येईल, जिना चढेल, डोळ्यांनी बघेल. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. माणूस दोन मिनिटांच्या दुःखाने मरत नाही.

भोंगा झाला. शेकडो लाकडी तळाचे बूट गल्लीच्या फरशीवर खडखडत उतरले. रोज त्यात हसणं-खिदळणं असायचं, आज पडदे पाहून सगळे आपोआप हळू झाले. बूट एकेका दारात शिरून गप्प झाले. शेवटी एकच जोडी उरली. ती विनीच्या दारापाशी आली आणि थांबली.

सेलिनाचे पाची प्राण कानात गोळा झाले. ये, बाबा, आत ये. कडी वाजली नाही. मग बूट वळले आणि उताराने खाली निघाले, आधी सावकाश, मग भरभर. खाली कालव्याखेरीज काही नव्हतं.

हात काढावा तर विनी जाते. तिने डावा हात पोटावरून हलू दिला नाही. उजव्याने खिडकीतलं पितळी मेणबत्तीदान उचललं, काचेवर हाणलं आणि त्या भगदाडातून ओरडली, "क्लिफर्ड, मागे फिर! जिवंत आहे रे ती. मुलगी झालीय तुला!"

बूट थांबले. ती पुन्हा ओरडली. मग ते धडपडत, एकदा पडून, वर यायला लागले.

क्लिफर्ड दारात आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. "पडदे..." एवढंच तो म्हणाला. विनीने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने मटकन जमिनीवर बसून तिचा पाय धरला. सेलिनाने त्याला रडू दिलं नाही. पाणी उकळ, शेकायला वीट तापव, असं दटावत कामाला जुंपलं. खाली गल्लीत पडद्यांच्या कड्या सरकत होत्या.

एक वाजता नर्स क्रॉम्प्टन पोहोचली. तिच्या मागोमाग जिन्यात बायकांची गर्दी आणि सगळ्यांत पुढे ॲडा ग्रिमशॉ. नर्सने कोट काढता काढता विचारलं, बाळंतपण कोणी केलं? सेलिनाने तोंड उघडायच्या आत ॲडा बोलली.

"कोणी नाही, नर्सबाई. पोरगी एकटीच बाळंत झाली. निपचित पडली होती, मेली असं वाटलं, म्हणून सेलिनाला मयताच्या कामाला बोलावलं. सगळ्या गल्लीला विचारा. मी माझ्या हाताने पडदा ओढलाय. बाळंतपणाला कोणी पडदे ओढतं का?"

मागच्या बायकांनी माना डोलावल्या. इतकं सफाईदार खोटं गल्लीत कोणी बोललं नव्हतं. ॲडा सेलिनाकडे बघत नव्हती. तिचे कान मात्र लाल झाले होते. आठ वर्षांचा संशय खरा होता हे सेलिनाला त्या लाल कानांवरून कळलं. तिला राग यायला हवा होता, पण रागाला सवड नव्हती.

नर्सने सेलिनाचा हात बाजूला करून आपला ठेवला. चादरीवरचं रक्त पाहून तिच्या कपाळाला आठी पडली. "वार पडली का? पूर्ण पडली का?" तिने विचारलं. "कोणी पाहिली?"

एकटीच बाळंत झालेल्या बाईची वार कोण पाहणार? ॲडाने सेलिनाकडे डोळे वटारले. गप्प बस, असं ते डोळे स्पष्ट सांगत होते. सेलिनाला कोर्टातला तो लाकडी कठडा आठवला आणि त्याच्यावर ठेवलेले आपले हात आठवले. मग तिने विनीच्या ओठांकडे पाहिलं. ते पांढरे पडत चालले होते.

"मी पाहिली," ती म्हणाली. "पूर्ण नाही. अंगठ्याएवढा तुकडा आत राहिलाय. पलंगाखाली बशीत ठेवलीय, बघा. बाळंतपण मी केलं. तासाभराच्या वर दाबून धरलंय."

त्यानंतर कोणाला बोलायला वेळ नव्हता. नर्सने विनीला सुई टोचली, क्लिफर्डला डॉक्टरकडे पिटाळलं, सेलिनाला म्हणाली, हात धुऊन या आणि पुन्हा इथे धरा. पाऊण तासाने डॉक्टर धापा टाकत आले. कुठे काय राहिलंय ते आधीच माहीत असल्याने त्यांनी शोधाशोध केली नाही. तीनच्या सुमाराला रक्त थांबलं. विनी दोन घोट चहा प्याली आणि झोपली.

सेलिना खाली स्वयंपाकघरात बसली होती. नर्स खाली आली, तिच्यासमोर बसली आणि वही उघडली.

"डकवर्थबाई, मला लिहावं लागेल."

"लिहा. काय झालं ते लिहा."

नर्स बराच वेळ लिहीत होती. सेलिना चुलीकडे बघत होती. चष्मा घरी राहिला होता, म्हणून तिने नर्सला लिहिलेलं वाचून दाखवायला सांगितलं. नर्सने वाचलं, "आई जिवंत, मूल जिवंत. वेळ नडीची होती. वार अपुरी असल्याचं वेळीच ओळखून, मी येईपर्यंत रक्तस्राव रोखून धरला तो सेलिना डकवर्थ यांनी."

वही वरच्या साहेबांकडे जाणार, तिथून कोर्टात जाईल की नाही ते आपल्या हातात नाही, असं नर्सने सरळ सांगितलं. सेलिनाने मान हलवली. पाचशेच्या वर पोरं तिच्या हातांवर जन्मली होती. त्यांतल्या एकाच्याही कागदावर तिचं नाव नव्हतं.

"नर्सबाई," ती म्हणाली, "तेवढं शेवटचं पुन्हा एकदा वाचा."