पंगतीला टेकलेला पडदा

घरगुती प्रोजेक्टरचा पडदा कमरेच्या वर लावायचा, ही आमच्या धंद्यातली रीत. साखरखेर्ड्यात एकटे राहणारे ते म्हातारे मात्र ऐकेनात.

"जमिनीले टेकवा."

"काका, खुर्चीवरून नीट दिसणार नाही."

"खुर्चीवर कोन बसते?"

वैतागून मी पडदा खाली घेतला. त्यांनी जुना डिजिटल कॅमेरा जोडायला दिला. तो नवा असताना, चालतो का पाहायला त्यांनी घरच्या पंगतीचं शूटिंग केलं होतं. लेक, सुना, नातवंडं आता खऱ्या माणसांएवढी फरशीवर जेवायला बसली होती.

"तुम्ही नाही दिसत यात?"

"कॅमेरा मीच धरून होतो न."

मग त्यांनी स्वयंपाकघरातून भाकरी-ठेच्याचं ताट आणलं आणि पडद्याला लागून, पंगतीच्या टोकाला मांडी घातली. चित्रात त्यांची बायको पोळ्या वाढत होती. ती जाऊन बरीच वर्षं झाली, हे त्यांनी मी आल्याआल्याच सांगितलं होतं. वाढता वाढता तिनं थेट आमच्याकडे पाहिलं.

"ठेवा आता ते. बसा न जेवाले."

"हाव, बसलो न वं," म्हातारे म्हणाले.

आणि पडदा पांढरा झाला. त्या दिवशी तिचं ऐकून त्यांनी कॅमेरा तिथंच बंद केला होता.