कल्लेवाली मावशी

गिऱ्हाईक समोर आलं तरी मावशी आधी बोलत नसत. अंगठ्याने माशाचा कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवत आणि मग म्हणत, "पाहून घे गा. मंग भाव विचार." इतवारी बाजाराच्या कडेला पाटी घेऊन बसणाऱ्या या ढिवर, म्हणजे मासेमार समाजातल्या, बाईला सगळे 'कल्लेवाली मावशी' म्हणत. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायची. विच्छेदनाचे मासे त्यांच्याकडूनच न्यायची.

"माही मासोयी डाक्टरीनबाई कापते," असं त्या शेजारणींना ऐकवत. मी डॉक्टर नाही, हे सांगून पाहिलं. "कापतेस ना? मंग झालं."

त्यांचे यजमान कळमेश्वरकडच्या एका तळ्यात जाळं टाकत. सत्तर सालानंतर तळ्याच्या वरच्या अंगाला लोखंडाला चकाकी चढवणारा एक कारखाना आला आणि त्याचं पिवळसर पाणी नाल्याने तळ्यात उतरू लागलं. एका सकाळी मावशींनी कल्ला उचलला आणि तसाच मिटला. आत राखाडी, चिकट बुळबुळ होती. दोन माशांचे कणे वाकडे होते.

"मेल्यावर नाई वाकले वं हे. जित्तेपणीच गोल गोल फिरून राह्यले होते. काहून?"

मी ते मासे प्रयोगशाळेत नेले. कल्ल्यांचे पापुद्रे सुजून एकमेकांना चिकटले होते. असा मासा पाण्यात राहूनही गुदमरतो, एवढं कळलं. पाण्यात धातू असावा, असं आमचे विभागप्रमुख सर म्हणाले. कोणता, किती, हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. पाऊस झाला आणि मासे पुन्हा धडधाकट निघाले. पुढच्या महिन्यात पुन्हा वाकडे. माझं डोकंच चालेना.

"हे खाल्लं तं माणसाले काही होते का?" मावशींनी विचारलं.

"होऊ शकतं. नक्की माहीत नाही."

"तुले माईत नाई, मले माईत नाई. मंग लोकायले कशी विकू?"

त्यांनी पाटी झाकली आणि बाजारात बसणंच सोडलं. बाकीच्या बायका त्याच तळ्यातले मासे विकत राहिल्या आणि मावशींना वेडी म्हणू लागल्या. माझ्या अर्धवट उत्तराने मी त्यांना वाचवलं की बुडवलं, ते मला आजही ठरवता येत नाही.

हिवाळ्यात त्या पुन्हा जागेवर दिसल्या. पाटीत हिरवे शिंगाडे होते. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला. दोन ओंजळी शिंगाडे त्यांनी माझ्या पिशवीत टाकले, मग हात थांबला.

"त्याच पाण्यातले हायत वं बाई. पण हे तं झाडाचं हाय. हे चालते ना?"

मी पिशवी उचलून निघाले. नंदनवन वस्तीतल्या घरी येऊन मी ते शिंगाडे तीनदा धुतले, उकडले आणि ताटलीसमोर बसून राहिले. खाववेनात, आणि टाकवेनातही.