फिक्या चहाची बशी

शेजारच्या काकूंनी चहाचा कप पुढे केला आणि माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्यावर हात आडवा धरला. "बिनसाखरेचा असेल तर द्या."

"अहो, पाहुण्याला फिका चहा? गाव मला चिक्कू म्हणेल!"

घरात साखर बंद होऊनही अण्णांची शुगर उतरत नव्हती. रोज चार घरी गोड चहा व्हायचा. साखर सोडणं त्यांना जमलं होतं, कुणाचं मन मोडणं जमत नव्हतं.

"म्हणू दे. आमची पोरगी शिकलीय, रिपोर्ट वाचते."

घरातली पहिली पदवी माझी. पदवीदानाला टाळ्या वाजल्या होत्या खऱ्या, पण माझा खरा समारंभ आज काकूंच्या ओट्यावर झाला. अण्णांनी फिका चहा बशीत ओतला आणि फुर्रकन ओढला, अगदी गोड असल्यासारखा.