ताईचा खांदा

आमची ताई पाण्यात उतरण्याआधी पाण्याकडे इतका वेळ बघत बसे, की सोबतच्यांचा जीव कंटाळून जाई. कामठीची, घरात यंत्रमाग. पण हिला वेड कयाकचं, एका माणसापुरत्या त्या निमुळत्या होडीचं. नागपूरच्या तलावात तिने आम्हा दहा-बारा जणांना वल्हं धरायला शिकवलं. कोणी घाई केली की म्हणे, "पाण्याले घाई आहे गा, तुले काहून आहे?"

होडीसकट उलटणं ती सगळ्यात आधी शिकवी. नाकातोंडात गढूळ पाणी घेऊन आपण स्वतःच सरळ झालो, की मगच पाठीवर थाप पडे.

चार वर्षांपूर्वी ती आम्हा तिघांना हिमाचलातल्या एका डोंगरी ओढ्यावर घेऊन गेली. बर्फाचं पाणी, दगडांतून वाट, आणि मध्येच पाण्याची दीड पुरुष खोल उडी. ताई काठावरच्या खडकावर तासभर बसली. मग उठून म्हणाली, "आज नाही. होड्या उचला, काठानं जाऊ."

दोघांनी ऐकलं. मी म्हणालो, "इतक्या दूर होड्या उचलाले आलो का आपण?" ती पाण्याकडेच बघत राहिली. मी उतरलो.

उडीखाली माझी होडी दोन दगडांत नाकाने अडकली. पाणी डोक्यावरून चाललं होतं आणि डावीकडच्या मोकळ्या वाटेने पुढे पळत होतं; श्वासाला तोंडापुढे ओंजळभर पोकळी. ताईने कमरेला दोर बांधला, टोक त्या दोघांच्या हाती दिलं आणि माझ्यापर्यंत आली. मला उपसून काढताना तिचा उजवा खांदा निखळला.

दोन शस्त्रक्रिया झाल्या, तरी हात वर जाईना. ताईचं वल्हं सुटलं. माझंही सुटलं. नंतर ऑफिस, घर, ऑफिस. रविवारी झोपून उठलं तरी थकवा उतरत नाही.

मागच्या महिन्यात ती तपासणीसाठी नागपूरच्या रामदासपेठेत आली होती. चहा घेताना मी एकदाचं बोललो, "ताई, माझ्यापायी तुझं सगळं गेलं."

तिने डाव्या हाताने कप खाली ठेवला. "मी तुले अडवू शकत होती. नुसता हात धरला असता तरी तू थांबला असता. पण त्या उडीतून होडी निघते का, हे मलेही पाहायचं होतं ना गा."

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चहाचे पैसे देऊन आम्ही रस्त्यावर आलो.

कामठीच्या ऑटोत तिला बसवून दिलं. दुखरा खांदा सावरत ती बाहेर वाकली. "एक सांग. निघता येते का त्या उडीतून?"

"येते ताई," मी म्हणालो. "डावीकडून."

तिने मान हलवली. ऑटो निघाला, तेव्हा ती डोळे मिटून बसली होती, आणि तिचा डावा हात मांडीवर वल्हं मारल्यासारखा हळूच वळत होता.